गव्हावाचून भरलेले ताट

(आपल्या ज्ञातिसंघाच्या सोमाटणे येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी मला आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा शिक्षणावर बोलावे असे त्यांनी सुचविले होते. चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करावयाची? परंतु शिक्षणावर ह्या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे व पुढेही बोलले जाईल. मी आज गव्हाविषयी बोलणार आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य; वैद्यक हा माझा विषय नव्हे. जे शास्त्र सांगेन ते डॉक्टरांनी समजावून दिलेले व मागाहून वाचनाने पडताळून पाहिलेले आहे. बाकीचे आमच्या घरात घडलेले आहे. घरातले चार लोकांत कशाला, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले, पण सूनबाईच म्हणाल्या, "बाबा, सांगाच तुम्ही." म्हणून सांगतो.

आमच्या घरी माजघराच्या दाराच्या चौकटीवर मुलांची उंची पेन्सिलीने टिपून ठेवण्याची माझी जुनी खोड आहे. माझ्या मुलाच्या खुणा एका बाजूस, नातवंडांच्या दुसऱ्या बाजूस. धाकट्या नातीला सातवे वर्ष संपून आठवे लागले, त्या पाडव्याला मी खूण करावयास गेलो आणि माझा हात थबकला. गेल्या पाडव्याची खूण आणि ही खूण ह्यांत जेमतेम अर्ध्या बोटाचे अंतर होते. मुलगी किडकिडीत होती, पोट मात्र नगाऱ्यासारखे. वरचेवर जुलाब, तोंड येणे, चेहऱ्याला फिकटपणा, खेळता खेळता मध्येच बसून राहणे. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सातावर. लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताचे औषध दिले, दात येताना राहून गेले असेल, दृष्ट लागली असेल, असे सर्व काही झाले. दूध बंद केले, दूध चालू केले. मी स्वतः रोज सकाळी तिला तूप घातलेली गव्हाची लापशी समोर बसून भरवीत असे. शक्ती येईल म्हणून!

आणि एक गोष्ट झाली ती सांगण्यास मला लाज वाटते. घरात, नात्यात, कुजबुज सुरू झाली की, हे दुखणे मुलीच्या आईच्या माहेरचे. तिच्या माहेरची माणसे अंगाने बारीक आहेत एवढाच काय तो पुरावा. सूनबाईंनी ते दोन वर्षे ऐकून घेतले. मी स्वतः तसे कधी बोललो नाही. पण बोलणाऱ्यांना थांबविलेही नाही.

पुढे कोणीतरी ओळखीच्यांनी सांगितले की गहू बंद करून पाहा, हल्ली पुष्कळ लोक करतात. आम्ही केला. तीन आठवड्यांत मुलीचे पोट उतरले. आम्हांस आनंद झाला, आणि तेथेच आमची चूक झाली. पुण्यास पोटाच्या विकारांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गहू चालू आहे ना?" नाही म्हणताच त्यांनी कपाळाला हात लावला. ह्या रोगाची रक्ततपासणी जी आहे, तिला टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजची तपासणी म्हणतात, ती गहू पोटात जात असेल तरच खरे उत्तर देते. तोंडावाटे दुर्बीण घालून लहान आतड्याचा कण काढून पाहतात, त्याचेही तेच. गहू थांबला की आतडे सावरू लागते, पुरावा पुसला जातो, आणि मग रोग आहे की नाही हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेव्हा मुलीला पुन्हा कित्येक आठवडे रोज पोळी खाऊ घालावी लागली. आपण विष घालीत आहोत अशी शंका मनात असताना पोरीच्या ताटात पोळी वाढणे काय असते, हे मी आपणांस सांगू शकणार नाही. ती विचारी, "आजोबा, अजून किती दिवस?" म्हणून माझी आपणांस पहिली विनंती अशी की, घरात कोणाविषयी अशी शंका आली तर प्रथम तपासणी आणि मगच पथ्य. हा क्रम उलटा करू नका.

तपासणीचा निकाल आला. रोगाचे नाव सिलिॲक. आपल्याकडे जुन्या काळी न थांबणाऱ्या जुलाबाला संग्रहणी म्हणत. त्या नावाखाली जी अनेक दुखणी मोडत असत, त्यांतलेच हे एक असावे.

आता हे आहे तरी काय? डॉक्टरांनी मला गव्हातल्या ग्लूटेनविषयी सांगितले, पण माझ्यासारख्या मास्तराला प्रयोग केल्यावाचून काही कळत नाही. घरी येऊन मी कणकेचा एक घट्ट गोळा मळला, फडक्यात बांधला आणि वाहत्या पाण्याखाली चोळीत बसलो. दुधासारखे पांढरे पाणी निघून गेले. तो पिठूळ भाग. फडक्यात उरला तो च्युइंगम किंवा रबरासारखा चिवट, ताणला तर ताणला जाणारा लगदा. हेच ग्लूटेन. ह्याच्यामुळे पोळी लाटता येते, पाव फुगतो, शेवया तुटत नाहीत. ज्वारीत, बाजरीत, तांदळात हे नाही. म्हणूनच भाकरी लाटता येत नाही, ती उकळत्या पाण्यात पीठ मळून हाताने थापावी लागते. म्हणजे आपल्या आजीला शास्त्र ठाऊक नव्हते, पण तिच्या हातांना ते कळले होते.

काही माणसांच्या अंगी जन्मतः अशी प्रवृत्ती असते की, हा चिवट पदार्थ पोटात गेला म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा त्याला शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच आतड्याचे अस्तर पोखरते. आतड्याला आतून मखमलीच्या लवेसारखे सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस त्यांच्यावाटे शोषला जातो. ते अंकुर झडून आतडे सपाट होते. मग बदाम खाऊ घाला की लोहाच्या गोळ्या, सारे वाहून जाते. हा रोग गव्हाबरोबरच जवाने व रायनेही होतो. आपल्याकडे राय कोणी खात नाही, पण जव सातूच्या पिठात व माल्ट घातलेल्या पौष्टिक पेयांत असतो.

हे कोडे उलगडण्यास वैद्यांनाही फार वेळ लागला. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी ह्यांनी १८८८ साली ह्या रोगाचे नीट वर्णन छापले व उपाय झाला तर तो आहारातच सापडेल असे मत दिले; पण कोणता आहार हे त्यांना कळले नाही. १९२४ साली अमेरिकेतील डॉ. सिडनी हास ह्यांनी अशा मुलांना मुख्यतः केळी खाण्यास देऊन बरे केले. लोकांना वाटले केळे हे औषध आहे. खरी गोष्ट अशी होती की, केळ्यांमागे पाव मुलांच्या पोटातून हद्दपार झाला होता. शेवटी हेग येथील बालरोगतज्ज्ञ विल्लेम-कारेल डिके ह्यांनी दोष गव्हाचा आहे हे दाखविले. त्यांना तो संशय महायुद्धापूर्वीच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्यांच्या देशात भयंकर दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि इतर मुले खंगत असता ही रोगी मुले मात्र सुधारली, असे सांगतात. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. तेव्हापासून आजपर्यंत ह्या रोगावर खात्रीचा उपाय एकच: ग्लूटेन जन्मभर वर्ज्य. थोडेसे खाल्ले तर चालेल, सणापुरते चालेल, असे ह्यात नाही.

आपल्या देशात उत्तरेकडे साधारण शंभरांत एकास हा रोग आढळतो, दक्षिणेत हजारांत एकास. अभ्यासकांचे म्हणणे असे की, अंगची प्रवृत्ती दोन्हीकडे फारशी निराळी नाही; उत्तरेत गहू पुष्कळ खातात, दक्षिणेत कमी, हा मोठा फरक आहे. मग आपले मावळ कोठे बसते? माझ्या लहानपणी ह्या पवनेच्या खोऱ्यात रोजचे जेवण म्हणजे भात आणि नाचणीची, तांदळाची नाहीतर ज्वारी-बाजरीची भाकरी. पोळी होई ती होळीला, पाहुणा आला तर, किंवा आजाऱ्याला. पुढे परदेशचा गहू आला, हरितक्रांतीचा गहू आला, आणि भाकरी ही गरिबीची व पोळी ही सुधारणेची खूण ठरली. माझी नात ज्या घरात जन्मली त्या घरात सकाळी पोळी, डब्यात पोळी, चार वाजता बिस्किट आणि रात्री पुन्हा पोळी होती. शाळेत असताना हातपाय काड्या व पोट मोठे अशी दोन-तीन मुले माझ्या वर्गातही होऊन गेली. त्यांना मुडदूस म्हणून आम्ही जंताच्या गोळ्या दिल्या. आज त्यांचे चेहरे डोळ्यांपुढे येतात.

निकालानंतर डॉक्टरांनी सांगितले की आईबाप व भावंडे ह्यांचीही रक्ततपासणी करून घ्या, कारण जवळच्या रक्ताच्या नात्यात सुमारे दहांत एकास हा रोग निघतो. केली. सूनबाईंचे रक्त निर्दोष. थोरला नातू निर्दोष. दोष निघाला तो माझ्या मुलाच्या रक्तात. दुर्बिणीच्या तपासणीनेही तो पक्का झाला. त्याला कधी जुलाब नाहीत, पोटदुखी नाही. केवळ पंडुरोग, थकवा, आणि किरकोळ पडण्याने एकदा मोडलेले मनगट. आम्ही त्याला आळशी म्हणत आलो होतो. म्हणजे जे दुखणे दोन वर्षे सूनबाईंच्या माहेरावर लादले गेले ते आमच्या घराण्यातले होते. त्या संध्याकाळी मी सूनबाईंची क्षमा मागितली. त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी चहा ठेवला. येथे लग्ने जुळविणारी पुष्कळ मंडळी बसली आहेत म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता पथ्याची सुरुवात. पहिल्या आठवड्यात घरात सुतकाची कळा होती. मुलगा पुण्याहून एक पिशवी घेऊन आला: ग्लूटेनमुक्त म्हणून छापलेला पाव, बिस्किटे, पीठ. किंमत पाहून मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. दोन दिवसांत पिशवी संपली. मग आमच्या मंडळींनी शांतपणे विचारले, "एकादशीला आपण काय खातो?" वरई, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, ह्यांत गहू कोठे आहे? आणि रोजचा भात, आमटी, उसळ, भाजी, दही, अंडी, मासळी, ह्यांत तरी कोठे आहे? आमच्या तालुक्यात वडगावच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली इंद्रायणी तांदूळ दिला. तो आंबेमोहराच्याच वंशातला. ज्या गावाच्या चहूकडे भाताची खाचरे आहेत, त्या गावाने पथ्यासाठी शहराकडे कशाला पाहावे? सूनबाई शहरात वाढलेल्या, त्यांना भाकरी येत नव्हती. पहिल्या भाकऱ्यांचे नकाशे झाले. महिन्याभरात उकड नीट साधली. मात्र नुसत्या भातावर आणि साबुदाण्यावर मुलीला ठेवू नये, नाचणी, कडधान्ये, पालेभाज्या पोटात जाव्यात, असे डॉक्टरांनी बजावले. आरंभी काही महिने दूधही बेताने दिले, कारण अस्तर बिघडलेले असता दूध पचत नाही. पुढे ते आपोआप पचू लागले.

ठळक गहू टाळणे सोपे आहे. रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडया, पाव, हे कोणासही कळते. खपली गहू चालतो असे पुष्कळांनी आम्हांस छातीवर हात ठेवून सांगितले. तो पचण्यास हलका असेल, पण तो गहूच आहे व त्यात ग्लूटेन आहे. घात होतो तो लपलेल्या गव्हाने. आमच्याकडे सारे बंद करूनही नातीचे पोट अधूनमधून बिघडे. सूनबाईंनी स्वयंपाकघरातला एकेक डबा खाली काढला. मेतकुटात गहू निघाला. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू निघाला. आणि हिंग! बाजारातला बांधानी हिंग बहुधा मैद्यात बांधलेला असतो, आणि तो आमच्या रोजच्या आमटीत पडत होता. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग शोधून आणला. तेव्हापासून मी दुकानात उभा राहून वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचतो. दुकानदार हसतो, हसू द्या. वेष्टनावर ग्लूटेनमुक्त असे छापावयाचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्या सरकारचा नियम आहे. वीस मिलिग्रॅम म्हणजे चिमटीचाही अंश! एवढ्यावरून आपणांस कळेल की पोळीचे तुकडे बाजूला सारून उरलेले ताट ह्या मुलांना देणे का चालत नाही.

गिरणीचे तसेच. ज्वारी आपली, पण आधीच्या माणसाचा गहू जात्याच्या पाळ्यांत उरलेला असतो आणि त्याची धूळ सर्वत्र. पहिले काही महिने आमच्या मंडळींनी पडवीतले जुने जाते काढून त्यावर दळले. साठी उलटलेल्या बाईला ते झेपेना, तेव्हा घरघंटी घेतली. तिच्यात गहू कधीही पडलेला नाही. दळण्यापूर्वी ज्वारी-बाजरी सुपात घेऊन निवडावी लागते, कारण पोत्यातच गव्हाचे दाणे येतात. ते काम माझ्याकडे आहे. लाकडी पोळपाट-लाटण्याच्या भेगांत कणीक राहते म्हणून घरात ज्यांना पोळी हवी त्यांचे पोळपाट, तवा, परात निराळी ठेवली. पुढे थोरला नातूच म्हणाला की एवढी उठाठेव कशाला, मीही भाकरीच खातो. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे पापड तळावयाचे नाहीत. ओट चालतात असे म्हणतात, पण त्यात गहू मिसळलेला असतो. आम्ही त्या वाटेस गेलो नाही.

सणांची मला फार काळजी होती, ती व्यर्थ ठरली. गणपतीचे उकडीचे मोदक, दिवाळीचे अनारसे, बेसनाचे लाडू, घरच्या भाजणीची चकली, संक्रांतीचा तिळगूळ. शंकरपाळी आणि करंजी सोडली तर फराळाचे ताट पूर्वीइतकेच भरलेले असते. होळीला पुरण तांदळाच्या उकडीत भरतात. लोणावळ्याहून कोणी आले तर गूळ-शेंगदाण्याची चिक्की आणते. तीही वेष्टन वाचून देतो. शाळेतली खिचडी भाताची, ही केवढी सोय! मात्र पंधरा ऑगस्टला बिस्किटाचा पुडा वाटतात, तेव्हा तिच्या बाईंकडे आम्ही आधीच राजगिऱ्याची वडी देऊन ठेवतो.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. हल्ली गहू सोडणे ही एक फॅशन झाली आहे. ज्यांना हा रोग नाही, ज्यांना गव्हाची ॲलर्जी नाही, ज्यांचे पोट गव्हाने बिघडत नाही, त्यांनी सुखाने पोळी खावी. माझी गव्हाशी दुष्मनी नाही.

आता गेल्या वर्षीच्या संमेलनाची गोष्ट. पूजा झाली, प्रसादाचा शिरा वाटला. माझी नात द्रोण हातात न घेता उभी राहिली. आपल्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी प्रेमानेच म्हटले, "अगं, प्रसादाने का कोणाचे वाईट झाले आहे? गुरुजी, सांगा की तिला." तिने माझ्याकडे पाहिले. चार माणसे पाहत होती. मी चौतीस वर्षे मुलांना खरे बोलावयास शिकविले, आणि त्या क्षणी मला दोन शब्द सुचले नाहीत. तिने शिरा खाल्ला. रात्रीपासून ओकारी व जुलाब, चार दिवस अंथरुणात. पाचव्या दिवशी ती मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी खाल्ला नसता."

ह्यानंतर मी कार्यकारी मंडळाला पत्र लिहिले. ते त्यांनी थट्टेवारी न नेता वाचले, ह्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पत्र मंडळाच्या सूचनाफलकावर लागल्यावर दोन कुटुंबे मला भेटली. एकाने मुलीचे लग्न व्हावयाचे आहे म्हणून तीन वर्षे हे कोणास सांगितले नव्हते. ती मुलगी लोकांकडे गेली की निमूटपणे पोळी खाई व घरी येऊन आजारी पडे. ती दोन्ही कुटुंबे आज येथे आली आहेत. ती कोठे बसली आहेत हे मी सांगणार नाही.

आज दुपारच्या पंगतीची व्यवस्था अशी आहे. मंडपाच्या उजव्या हाताची, आंब्याखालची चूल निराळी ठेवली आहे. तिच्यावर इंद्रायणीचा भात, वरण, बटाट्याची भाजी, तांदळाची भाकरी आणि वरईची खीर होत आहे. भांडी, डाव, तेल सर्व निराळे आहे. आचाऱ्यांना विनंती आहे की पुऱ्यांच्या कढईतला झारा तिकडे नेऊ नये. पूजेचा प्रसाद ह्या वर्षी सर्वांनाच राजगिऱ्याच्या शिऱ्याचा आहे. आमचे गुरुजी-पुरोहित म्हणाले की देवाची त्यास काही हरकत नाही. आंब्याखालच्या पंगतीस कोणीही बसावे, कारण विचारले जाणार नाही. वाढावयास माझ्या सूनबाई आहेत, व पाने मांडण्यास माझी नात. ह्या पाडव्याला तिची खूण मागच्या खुणेहून चार बोटे वर गेली.

रक्ततपासणी, घरघंटी किंवा हिंग ह्यांविषयी कोणास काही विचारावयाचे असल्यास जेवणानंतर मी तेथेच बसलेला असेन.